बंद लॅपटॉपमधील हार्ड डिस्क वाचताना

प्रस्तुत स्मरणिकेची तयारी सुरू झाली तेव्हा संपादक मंडळाने आमच्याकडे, म्हणजे संगणक कक्षाचे काम पाहणाऱ्या शिक्षकांकडे व त्यांना साहाय्य करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडे, एकच गोष्ट मागितली : जुनी छायाचित्रे. मागणी साधी होती. तिची पूर्तता मात्र साधी नव्हती. शाळेने फिल्मचा कॅमेरा सोडून डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हापासूनची स्नेहसंमेलने, सहली, १४ एप्रिलचे कार्यक्रम, दहावीच्या निरोप समारंभातील वर्गवार छायाचित्रे हे सारे कार्यालयातील एकाच लॅपटॉपमध्ये साठविले जात असे. छपाईचा खर्च नको म्हणून फारच थोडी छायाचित्रे कागदावर उतरली. आणि तो लॅपटॉप गेली कित्येक वर्षे लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांखाली, निश्चल पडून होता.

आपल्या वसतिगृहात आलेल्या अनेक मुलामुलींच्या घरी त्या काळी कॅमेरा नव्हता. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी आपण कसे दिसत होतो, हे दाखविणारे त्यांचे एकमेव छायाचित्र शाळेने काढलेले आहे. आज ती मुले स्वतः आईबाप झाली आहेत आणि मुलांना दाखवावयास त्यांच्याजवळ काही नाही. म्हणून कपाटातील तो लॅपटॉप आमच्या लेखी भंगार नव्हता.

पूर्वी तो एका दुरुस्तीच्या दुकानात दाखविला होता. ‘मदरबोर्ड जळला आहे, आता यातून काही निघणार नाही’ असे उत्तर मिळाले व तेथेच विषय संपला. या उत्तराचा पहिला भाग खरा होता, दुसरा खोटा. चूल विझली म्हणून कणगीतले धान्य संपत नाही. लॅपटॉपचा पडदा, कळफलक, मदरबोर्ड, बॅटरी यांपैकी काहीही निकामी झाले तरी मजकूर साठविणारी हार्ड डिस्क हा स्वतंत्र भाग आहे. ती बाहेर काढून काही शे रुपयांच्या यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. ते कसे करावे आणि करताना आम्ही कोठे चुकलो, हे या लेखात सांगितले आहे. ज्यांच्या घरी असा एखादा बंद लॅपटॉप माळ्यावर पडला असेल, त्यांनी तो भंगारवाल्यास देण्यापूर्वी हे वाचावे.

प्रथम हार्ड डिस्क म्हणजे काय ते समजून घेऊ. लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क अडीच इंची म्हणून ओळखली जाते. ती सुमारे १० सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद असते आणि जाडीला बहुधा साडेनऊ किंवा सात मिलिमीटर भरते. धातूच्या त्या बंद डबीत आरशासारख्या गुळगुळीत एक-दोन चकत्या असतात व त्यांवर चुंबकीय लेप असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारे व लिहिणारे डोके चकतीला टेकत नाही. फिरणाऱ्या चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवर ते अवघे काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी याच्या हजारो पट भरेल. यावरून दोन गोष्टी आपोआप कळतात. चालू हार्ड डिस्कला धक्का लावू नये. आणि ‘आत काय बिघडले ते पाहू’ म्हणून तिचे झाकण कधीही उघडू नये. उघड्या खोलीतील धुळीचा एक कण त्या फटीच्या मानाने डोंगराएवढा असतो.

जाता जाता सांगावयाचे तर, १९५६ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. यंत्राचे वजन टनाच्या घरात होते आणि त्यात मावत होती केवळ ५० लाख अक्षरे, म्हणजे आजच्या मोबाइलवरील एखाद-दुसरे छायाचित्र. पहिली अडीच इंची डिस्क आली ती १९८८ साली, २० मेगाबाइटची. आमच्या कपाटातील डिस्क ३२० गिगाबाइटची होती.

आता अडॅप्टर. हार्ड डिस्कची भाषा वेगळी आणि यूएसबीची भाषा वेगळी. अडॅप्टरच्या प्लास्टिकच्या डबीत जी एक चिप असते ती या दोहोंतील दुभाषी होय. संगणकाने यूएसबीच्या भाषेत ‘अमुक क्रमांकाचा तुकडा दे’ असे म्हणावे, चिपने ते डिस्कला तिच्या भाषेत सांगावे आणि आलेले उत्तर परत फिरवावे, एवढेच तिचे काम. विद्यार्थ्यांना आम्ही हेही आवर्जून सांगतो की, १९९६ साली आलेल्या यूएसबीच्या निर्मितीत इंटेल कंपनीतील ज्या अभियंत्याचे नाव अग्रभागी घेतले जाते, ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. याच सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले होते, ही आठवण वर्गात कोणी ना कोणी काढतोच.

अडॅप्टर घेण्यापूर्वी आपली डिस्क कोणत्या जातीची आहे ते पाहावे लागते. सुमारे २००६-०७ पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये आयडीई जातीची डिस्क सापडण्याचा संभव अधिक. तिच्या कडेला बारीक टोकदार पिनांच्या दोन रांगा दिसतात. त्या ४४ असतात व थोडे अंतर सोडून आणखी चार सुट्या पिना असतात. मोठ्या संगणकातील आयडीई डिस्कला ४० पिना आणि विजेसाठी वेगळा जोड असे; लॅपटॉपच्या डिस्कला वीज याच ४४ पिनांतून मिळते. म्हणून अडॅप्टर एक घर सरकवून बसविला तर वीज नको त्या पिनेत जाऊन डिस्क कायमची जळू शकते. घाई करू नये, चष्मा लावून पाहावे, आणि त्या चार सुट्या पिना मोकळ्याच राहिल्या आहेत याची खात्री करावी.

त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये साटा जात आढळते. हिला पिना नसतात. सपाट पट्टीसारखे शेजारी शेजारी दोन जोड असतात, एक आखूड सात संपर्कांचा व एक लांब पंधरा संपर्कांचा. प्रत्येकाच्या टोकाशी काटकोनी वळण असल्यामुळे तो उलटा बसतच नाही. मोठ्या संगणकाची साढेतीन इंची डिस्कही हाच जोड वापरते, परंतु तिला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात. त्यामुळे केवळ यूएसबीवर चालणारा लहान अडॅप्टर तिला पुरत नाही. आमची डिस्क साटा होती.

अलीकडच्या लॅपटॉपांत फिरणारी चकतीच नसते. च्युइंगगमच्या पट्टीएवढी, २२ मिलिमीटर रुंदीची एम डॉट टू पट्टी असते. तिच्यातही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि एकाचा अडॅप्टर दुसऱ्यास चालेलच असे नाही. फार स्वस्त लॅपटॉपमध्ये तर साठवणीची चिप मदरबोर्डवर कायमची डाख दिलेली असते. तेथे या लेखाचा उपयोग नाही. खरेदीला जाताना डिस्क सोबत न्यावी किंवा तिच्या जोडाचे जवळून छायाचित्र काढून न्यावे. मुंबईत लॅमिंग्टन रोड व पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे सर्व प्रकार पाहावयास मिळतात.

डिस्क बाहेर काढणे हे काम लोक समजतात तितके अवघड नाही. चार्जर काढावा, बॅटरी निघणारी असेल तर काढावी आणि चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. विजेला जोडलेल्या संगणकाच्या डब्याच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. कोरड्या हवेत हे विसरू नये. जुन्या लॅपटॉपच्या पाठीवर एक लहान झाकण असते, त्याखाली डिस्क सापडते. स्क्रू लहान-मोठे असतात. लॅपटॉपचे रेखाटन कागदावर काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवण्याची युक्ती आमच्या नववीच्या एका विद्यार्थिनीने सुचविली आणि ती उत्तम ठरली. डिस्क वर उचलण्यापूर्वी आडवी सरकवावी लागते. बाहेर आल्यावर तिच्याभोवती पत्र्याची चौकट आणि पुष्कळदा टोकाशी एक छोटा मधला जोड असतो. हा जोड डिस्कचा भाग नाही, लॅपटॉपचा आहे. तो हलकेच ओढून काढला की खरा साटा जोड दिसतो. आम्ही अर्धा तास ‘हा अडॅप्टर बसतच नाही’ म्हणून दुकानदाराला दोष देत होतो, तो या मधल्या जोडामुळे.

येथवर सारे सुरळीत झाले. अडॅप्टर जोडला, त्याचा दिवा लागला, आणि डिस्कमधून आवाज आला : टक्, टक्, टक्. मग एक क्षण शांतता, पुन्हा टक्, टक्. संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटले नाही.

हार्ड डिस्क आतून मोडली की असाच आवाज येतो, हे आम्हांस ठाऊक होते. खोलीत कोणी बोलेना. आम्ही केबल तत्काळ काढली, आणि एवढी एकच गोष्ट त्या दिवशी आम्ही न चुकता केली असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या दिवशी डिस्कवरची चिठ्ठी नीट वाचली. तीवर ‘५ व्होल्ट, ०.८५ अँपिअर’ असे छापलेले होते. आम्ही जोडली होती ती जुन्या संगणकाच्या पुढील बाजूच्या पोर्टला. यूएसबी २.० च्या नियमानुसार असे पोर्ट अर्धा अँपिअर वीज देण्यास बांधलेले असते, यूएसबी ३.० चे पोर्ट, ज्याच्या आतील जीभ बहुधा निळी असते, ०.९ अँपिअर देते. चकत्या स्थिर असताना त्यांना वेग देण्यासाठी सर्वांत जास्त वीज लागते. एकदा फिरू लागल्या की गरज उतरते. भरलेली बैलगाडी जागची हलविताना बैलांना जो जोर लागतो तो पुढे रस्त्याने चालताना लागत नाही, तसेच हे. अपुऱ्या विजेवर मोटर फिरू पाहते, फिरू शकत नाही, डोके मागे जाते, पुन्हा प्रयत्न होतो, आणि त्याचाच तो टक्-टक् आवाज. डिस्क मेली नव्हती. तिला पुरेसे अन्न मिळत नव्हते.

मग आम्ही यूएसबी ३.० पोर्ट असलेला दुसरा संगणक घेतला, पुढील पोर्ट सोडून थेट मदरबोर्डवरील मागील पोर्ट निवडले आणि मधली लांब जोडकेबल काढून टाकली. डिस्क एका दमात फिरू लागली. बाजारात दोन तोंडांची केबलही मिळते. तिचे दुसरे तोंड केवळ वीज घेण्यासाठी असते. यूएसबीच्या नियमपुस्तकास ती मान्य नाही, तरी अडचणीत उपयोगी पडते. त्यापेक्षा स्वतःच्या चार्जरवर चालणारा यूएसबी हब बरा. मात्र पुरेशी वीज मिळूनही टक्-टक् थांबत नसेल, किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर तेथेच थांबावे. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न चकतीवरचा लेप खरवडत असतो. धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे जाणे हाच मग मार्ग. तो महाग आहे, आणि प्रत्येक घराने तो पत्करावा असे आम्ही म्हणणार नाही.

डिस्कमध्ये दोन कप्पे होते. पहिला, ज्यात विंडोज होते, उघडला. छायाचित्रे असलेला दुसरा कप्पा उघडताच पडद्यावर चौकट आली : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करावयाची काय?

आमच्यातील एकाचे बोट ‘होय’वर गेले होते. प्रश्नाची भाषाच अशी आहे की ‘होय’ म्हटल्यावर काम पुढे सरकेल असे वाटावे. शेजारच्याने मनगट धरले म्हणून वाचलो. या चौकटीचा खरा अर्थ एवढाच आहे की विंडोजला त्या कप्प्याची अनुक्रमणिका वाचता आली नाही. पुस्तकाची अनुक्रमणिकेची पाने फाटली तर आतील धडे नाहीसे होत नाहीत. फॉरमॅट करणे म्हणजे मात्र त्याच पुस्तकास नवी कोरी अनुक्रमणिका चिकटवून ‘हे पुस्तक रिकामे आहे’ असे जाहीर करणे होय. काही वेळा तर विंडोज पानेही पुसून काढते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘इनिशियलाइझ’ करण्याविषयी जो प्रश्न येतो, त्यालाही हेच उत्तर : नाही. चेकडिस्क हा दुरुस्तीचा प्रोग्रामसुद्धा अशा वेळी चालवू नये, कारण तो डिस्कवर लिहितो, आणि आजारी डिस्कवर एकही अक्षर नव्याने लिहू नये.

आमच्या मते या साऱ्या खटाटोपाचा नियम एकच आहे. आधी प्रत काढावी, मग दुरुस्ती करावी, आणि दुरुस्तीही प्रतीवर करावी.

प्रत काढण्याकरिता आम्ही पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली व अंतोनियो दियाज दियाज यांनी लिहिलेला डीडीरेस्क्यू हा विनामूल्य प्रोग्राम वापरला. तो फायली पाहत नाही. डिस्कच्या आरंभापासून शेवटापर्यंतचा प्रत्येक तुकडा जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवरील एका मोठ्या फाइलमध्ये उतरवितो. जो भाग सहज वाचला जातो तो आधी घेतो, जेथे अडते ती जागा टिपून पुढे जातो, आणि चांगले सारे हाती आल्यावर मग वाईट जागांकडे परततो. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवावेत असे आम्ही मुलांना सांगतो, तीच ही रीत. आजारी डिस्क केव्हा कायमची थांबेल याचा भरवसा नसतो, म्हणून हा क्रम मोलाचा.

दोन सावधगिऱ्या येथे सांगणे अगत्याचे आहे. कोठून कोठे प्रत काढावयाची ते उलट लिहिले गेले तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरेल व सर्वस्व जाईल. म्हणून आकार व अनुक्रमांक दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहावेत. आम्ही ते तीनदा केले. दुसरे, प्रत ठेवावयाची डिस्क जुनीपेक्षा मोठी हवी आणि ती एफएटी ३२ पद्धतीने मांडलेली नसावी, कारण त्या पद्धतीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आम्ही १ टेराबाइटची नवी डिस्क घेतली. काही पालकांनी विचारले की ३२० गिगाबाइटची डिस्क संगणकात २९८ का दिसते, २२ गिगाबाइट कोणी खाल्ले? कोणी खाल्ले नाही. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत.

निरोगी डिस्क यूएसबी २.० वरून सेकंदाला साधारण ३० मेगाबाइटच्या वेगाने वाचली जाते. या हिशेबाने ३२० गिगाबाइटला तीन तास लागावेत. आमचे काम रात्रभर चालले. पहाटे वीज गेली. संगणक बंद पडला, डिस्क थांबली. परंतु डीडीरेस्क्यू कोठवर आलो याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवत असतो. तो आम्ही दुसऱ्या डिस्कवर ठेवविला होता. वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली आणि जेथे थांबले होते तेथून काम पुढे सुरू झाले. ज्या गावी भारनियमन आहे तेथे हा गुण केवढा, हे सांगावयास नको.

प्रत हाती आल्यावर जुनी डिस्क काढून ठेवली व पुढील सर्व प्रयोग प्रतीवर केले. प्रथम टेस्टडिस्क या प्रोग्रामने कप्प्याची अनुक्रमणिका शोधून पाहिली. ती फार खराब झालेली होती. मग त्याचाच जोडीदार असलेला फोटोरेक चालविला. दोन्ही प्रोग्राम फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे आहेत व विनामूल्य मिळतात. फोटोरेक अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. जेपेग छायाचित्राची फाइल ठरावीक खुणेने सुरू होते. ती खूण जेथे दिसेल तेथून तो छायाचित्र उचलतो. यात एक उणीव आहे. फाइलचे नाव अनुक्रमणिकेत असते, छायाचित्रात नसते. त्यामुळे ‘सातवी ब सहल’ असे नाव असलेले छायाचित्र एफ हे अक्षर व पुढे लांबलचक आकडा अशा नावाने परत येते.

छायाचित्रे हजारोंनी आली, पण सारी बेनाव. कॅमेरा प्रत्येक छायाचित्राच्या पोटात दिनांक लिहितो, त्याचा आधार घ्यावा म्हटले, तर त्यातील पुष्कळ छायाचित्रांवर १ जानेवारी हाच दिनांक. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचे घड्याळ मूळ दिनांकावर परत जाते आणि कोणी ते पुन्हा लावले नव्हते. मग रविवारी सभागृहात पडद्यावर छायाचित्रे लावली आणि माजी विद्यार्थ्यांना व जुन्या कर्मचाऱ्यांना बोलाविले. गणवेशाच्या रंगावरून, पाण्याच्या टाकीच्या मागची भिंत बांधली होती की नव्हती यावरून, कडुनिंबाच्या उंचीवरून वर्षे ठरली. ‘तो डोळे मिटलेला मी’ असे दाराजवळून कोणी म्हणाले की पुढच्याने वहीत नाव लिहावयाचे. यंत्राने जे परत दिले नाही ते माणसांनी दिले.

सर्व काही मिळाले नाही. काही छायाचित्रांचा वरचा भाग स्वच्छ व खालचा करड्या रंगाचा आला. फाइल मध्येच तुटली की असे होते. एका संपूर्ण वर्षाच्या सहलीचे एकही छायाचित्र हाती लागले नाही. भोजनगृहात अनेक वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे एक छायाचित्र सापडले. त्या आज हयात नाहीत आणि त्यांच्या नातवाने आमच्याकडे ते फार पूर्वीपासून मागितले होते. त्यात त्यांचा चेहरा व खांद्यावरचा पदर स्पष्ट आहे. हातातील डाव व समोरचे पातेले करड्या पट्टीत गेले आहे. संपादकांनी ते तसेच, न कापता, छापावे अशी विनंती आम्ही केली आहे.

पहिल्या कप्प्यातील कार्यालयीन कागदपत्रांची कथा निराळी. कप्पा उघडला तरी जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ‘आपणास परवानगी नाही’ असे उत्तर येत होते. विंडोज प्रत्येक फोल्डरचा मालक लक्षात ठेवते, आणि नव्या संगणकावर आपण तिऱ्हाईत ठरतो. ‘पुढे जा’ म्हटले तर ते परवानग्या बदलून डिस्कवर लिहिते; म्हणून आम्ही लिनक्समधून केवळ वाचण्यापुरती प्रत उघडली व फायली घेतल्या. नवीन लॅपटॉपांच्या बाबतीत यापेक्षा मोठी अडचण संभवते. त्यांपैकी अनेकांत संपूर्ण डिस्क कुलूपबंद असते आणि बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली नसेल तर अडॅप्टर जोडूनही काही वाचता येत नाही. पालकांनी मुलांचा लॅपटॉप चालू आहे तोवरच ही किल्ली शोधून वहीत लिहून ठेवावी. तसेच नव्या चकतीविरहित डिस्कवरून खोडलेली फाइल बहुधा परत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

फायली मिळाल्या, आणि उघडून पाहतो तो सगळा मजकूर रोमन अक्षरे, आकडे व चित्रविचित्र चिन्हे यांची खिचडी. फायली बिघडल्या असे प्रथम वाटले. त्या बिघडलेल्या नव्हत्या. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींच्या फॉन्टांत टंकलिखित होत असे. या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाइलमध्ये फक्त जागेचा क्रमांक लिहिला जाई. त्या जागी क आहे की काना आहे हे फॉन्ट सांगे. फॉन्ट गेला की क्रमांक उरतो आणि अर्थ जातो. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीस तिच्या स्वतःच्या जागा दिल्या, परंतु आपल्याकडील कार्यालये व छापखाने त्यापुढेही कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालले.

उपाय त्याच डिस्कवर होता. विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचे फोल्डर असते. जुन्या लॅपटॉपवर बसविलेला प्रत्येक फॉन्ट त्यात होता. म्हणून जो कोणी जुनी डिस्क वाचील त्याने केवळ आपली कागदपत्रे घेऊन थांबू नये. ते फॉन्ट्सचे फोल्डरही उचलावे. आम्ही ते फॉन्ट एका संगणकावर बसविले आणि मजकूर क्षणात मराठी झाला. त्यानंतर तो युनिकोडमध्ये रूपांतरित केला. रूपांतर करणारे प्रोग्राम बरेच काम करतात, पण ऱ्हस्व वेलांटी व रफार येथे अडखळतात. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी व रफार अक्षराच्या नंतर लिहिला जाई; युनिकोडमध्ये नेमके उलट आहे. ‘कीर्ती’, ‘धर्म’, ‘विद्यार्थी’ असे शब्द हमखास बिघडून आले. बाकीच्या मजकुरात हे खपले असते. माजी विद्यार्थ्यांच्या नामावलीत खपण्यासारखे नव्हते. एका रफाराने दाखल्यावरचे नाव वेगळे होते, आणि नावातील अशा एका चुकीपायी शिष्यवृत्तीसाठी तालुक्याला किती फेऱ्या माराव्या लागतात हे आपल्या पालकांना सांगावयास नको. म्हणून संपूर्ण यादी दोन शिक्षकांनी मूळ दाखलखारीज रजिस्टरशी ओळीने ताडून पाहिली. स्मरणिकेच्या शेवटी छापलेली यादी ती हीच. तरीही कोणास आपले नाव चुकीचे आढळल्यास कार्यालयात कळवावे.

जुनी डिस्क आता स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत, वर दिनांकाची चिठ्ठी लावून, कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे. तिच्या दोन प्रती केल्या. एक शाळेत आहे, दुसरी माजी विद्यार्थी संघाकडे दुसऱ्या गावी आहे. साटा व आयडीई असे दोन्ही अडॅप्टर संगणक कक्षात नोंदवहीसह ठेवले आहेत. ज्यांना आपला बंद लॅपटॉप दाखवावयाचा असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात यावे. येताना जुन्या डिस्कपेक्षा मोठी कोरी डिस्क आणावी. लॅपटॉपचा चार्जर आणण्याची गरज नाही. आणि पूर्वी कोठे फॉरमॅट अथवा दुरुस्ती करून पाहिली असेल तर ते न संकोचता सांगावे. आम्ही हसणार नाही, आमच्यातील एकाचे बोट कोठे गेले होते ते वर लिहिलेच आहे.